काही ठिकाणी गारपीट

"मांडव माझ्याच दारात घालायचा," उमाबाई म्हणाल्या आणि पिठाची परात अशी आपटली, की बैठकीतल्या पाहुण्यांनाही ते नीट ऐकू जावं. गेलंच.

पाहुणे म्हणजे धोंडप्पा आणि त्यांची बायको शिवकांताबाई. अहमदपूरला त्यांचं कापडाचं दुकान. त्यांच्या मुलाशी उमाबाईंच्या धाकट्या लेकीचं, मंजुश्रीचं, लग्न ठरलं होतं. पंधरा दिवस उरले होते आणि जागेवर गाडं अडलं होतं. देवणीजवळच्या या घराच्या अंगणातून उमाबाईंच्या तिन्ही नणंदा सासरी गेल्या. त्यांच्या तिन्ही मांडवांत उमाबाई कमरेला पदर खोचून राबल्या. आता स्वतःची लेक उदगीरच्या हॉलमधून पाठवायची? मग गावानं म्हणायचं, उमाबाईचं अंगण काय आटलं का?

धोंडप्पांना मात्र हॉलच हवा होता. "विहीणबाई, एप्रिलचं आभाळ हाय. रोज काहीतरी येऊन राहिलंय. मांडव उडाला तर चारशे माणूस कुठं न्यावं?"

उमाबाई हात पुसत बैठकीच्या दारात आल्या. तेवढ्यात मंजुश्रीनं मोबाईल वर केला. लातूरला शिकून आलेली पोरगी. तिचा देवावर जेवढा विश्वास, तेवढाच हवामान खात्यावर.

"अव्वा, आज तर ऑरेंज अलर्ट हाय. लातूर, नांदेड दोन्हीकडं. तीन ते सहा. विजा, वादळी वारा, काही ठिकाणी गारपीट."

"काही ठिकाणी म्हंजी कुठं गं?"

"तसं नाव नसतं, अव्वा. काही ठिकाणी."

"असं व्हय. मग मी बी सांगते. आज काही घरी भांडण व्हईल, काही गायी व्यातील. लाव माझा फोटो टीव्हीवर."

शिवकांताबाईंनी तोंडाला पदर लावला. धोंडप्पांनी नवऱ्याच्या नजरेनं त्यांच्याकडं बघितलं, तरी पदर हलतच राहिला.

उमाबाईंचं स्वतःचं हवामान खातं गोठ्यात बांधलेलं होतं. संभा नावाचा देवणी बैल. वादळ यायचं असलं की संभा कडब्याला तोंड लावत नाही, असा त्यांचा चौदा वर्षांचा अनुभव. आज त्यानं सगळी पेंढी संपवून शेजारच्या गाईच्या पुढ्यातलीही ओढली होती.

"आज गार पडत न्हाई," त्या म्हणाल्या. "माझा संभा जेवलाय."

धोंडप्पा दुकानदार माणूस. गिऱ्हाईक बोलण्यात सापडलं की सोडायचं नाही. "मग ठरलं, विहीणबाई. आज इथं गार पडली तर हॉल. न्हाई पडली तर मांडव तुमच्या दारात, मी बोलणार न्हाई."

"अव्वा, नको," उमाबाईंचा थोरला, अमरनाथ, हळूच म्हणाला.

"तू गप रे. ठरलं, व्याहीबुवा!"

चार वाजेपर्यंत आभाळ इतकं निवळ होतं की उमाबाई भाकरी थापता थापता गुणगुणत होत्या. सव्वाचारला मावळतीकडून काळं उठलं. धोंडप्पांची नवी पांढरी गाडी चिंचेखाली उभी होती. बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे, पुढं लिंबू-मिरची, महिनाही झाला नव्हता. फांदी पडेल म्हणून ते पळत गेले, गाडी काढून थेट परसदारच्या मोकळ्या अंगणात नेऊन लावली, आणि बैठकीत येऊन दारंखिडक्या लावून घेतल्या.

स्वयंपाकघरात एकट्या असलेल्या उमाबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. वाऱ्यानं अशी धूळ उडवली की समोरचं तुळशीवृंदावन दिसेना. मग कडाडलं. आणि मग डोक्यावरच्या पत्र्यावर आवाज सुरू झाला. टण्. टण् टण्. टणाटण टणाटण.

"शिव शिव शिव!" उमाबाई म्हणाल्या. "आली की गं बाई!"

आता गार यायला लागली की घरातलं लोखंड अंगणात फेकायचं, म्हणजे ती थांबते, ही त्यांच्या आईची शिकवण. कुणी पहार टाकतं, कुणी विळा. उमाबाईंच्या माहेरी तवा. आणि तोही आभाळाकडं पाठ करून, खांद्यावरून, मागं न बघता. तोंडानं उमाबाई काहीही म्हणोत, हाताला पैज ठाऊक नव्हती. तव्यावरची भाकरी तेवढी उतरवली, पदरानं तवा धरला, परसदाराकडं पाठ केली आणि दिला भिरकावून.

मागं मोठा आवाज झाला. "लागलं लोखंड," त्या समाधानानं म्हणाल्या.

आणि खरंच, दहा मिनिटांत सगळं थांबलं. वारा उदगीरकडं गेला, ऊन पडलं. पत्र्यावर चढून अमरनाथनं बघितलं तर पिकलेल्या चिंचांचा सडा. तेवढाच आवाज. पाण्याचा एक थेंब नव्हता, गारेचं तर नावच नको.

चिंचा म्हटल्यावर उमाबाईंना जो हर्ष झाला, त्याला तोड नव्हती. त्या पुढच्या दारानं बैठकीत शिरल्या. "कुठाय गार? दाखवा की! का मोबाईलातच पडली? संभाला कडबा घाल रे अमरनाथ, आज तो साहेब झाला! चला व्याहीबुवा, अंगणात चला, मांडव कुठनं कुठं येतो ते दाखवते!"

सगळी वरात परसदारच्या अंगणात आली. उमाबाई पुढं, हात पसरून. आणि तशाच थांबल्या.

गाडीची पुढची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली होती. बॉनेटवर विभूतीच्या पट्ट्यांशेजारी चौथा पट्टा होता, काळा. तवा कुठं दिसत नव्हता.

धोंडप्पा काचेकडं धावले. "हे... हे कशानं?"

उमाबाईंनी मनातल्या मनात दोन्ही बाजू बघितल्या. तवा म्हणावं, तर गार पडत न्हाई म्हणणारी बाई गारेला भिऊन लोखंड फेकते, हे लग्नाच्या जेवणात चारशे पानांवर वाढलं जाणार. गार म्हणावं, तर मांडव गेला. सगळे त्यांच्याकडं बघत होते.

"गार," उमाबाई म्हणाल्या.

"आत्ता तर म्हणलीस पडली न्हाई!" मंजुश्री म्हणाली.

"पडली. एकच पडली."

"एकच?"

"एकच. पण केवढी!" त्यांनी हातानं दाखवलं. तव्याएवढंच दाखवलं गेलं.

"मग कुठाय ती?" अमरनाथनं विचारलं.

"विरघळली न्हाई का? एप्रिलचं ऊन हाय."

धोंडप्पांनी बॉनेटवर बोट फिरवून काळं झालेलं बोट बघितलं. "आन् ही काजळी?"

"वीज होती ना संगट." उमाबाईंना आता मागं फिरता येत नव्हतं. "आवो, खात्यानं सांगितलंच होतं. काही ठिकाणी म्हणले होते. हेच ते ठिकाण!"

धोंडप्पांनी दुःखात मान हलवली. "मग हॉल."

"हॉल," उमाबाई म्हणाल्या. आयुष्यात इतका छोटा शब्द इतक्या कष्टानं त्यांनी कधी काढला नव्हता.

स्वयंपाकघरात येऊन त्या चुलीसमोर बसल्या. पाच भाकऱ्या झाल्या होत्या, पीठ अजून दहांचं होतं आणि तवा नव्हता. तेवढ्यात शिवकांताबाई आत आल्या. दार लोटून घेतलं.

"विहीणबाई, भाकरी थांबली व्हय?"

"तवा शेजारी दिलाय," उमाबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या.

शिवकांताबाईंनी पदराखालून तवा काढला आणि चुलीवर ठेवला. कडेला चांगला पोचा पडला होता. "गाडीखाली होता. तुमची गार काही विरघळली न्हाई."

उमाबाईंनी घाईघाईनं पिठाचा गोळा हातात घेतला. शिवकांताबाई शेजारी बसल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "आमच्याकडं पहार टाकतात. मागच्या साली गच्चीवरच्या सोलरवर बसली. ह्यांना अजून वाटतं, वीज पडली."

मग उमाबाईंना असं हसू फुटलं की हातातला गोळा राखेत पडला. शिवकांताबाई तर भिंतीला टेकल्या. बैठकीतून धोंडप्पांनी विचारलं, "काय झालं?"

"काही न्हाई!" शिवकांताबाई डोळे पुसत बाहेर आल्या. "मी म्हणते, एका गारेला कुणी गारपीट म्हणतं का? एका गारेसाठी हॉल कशाला? मांडव विहीणबाईंच्या दारातच होऊ द्या."

"आगं, पर ठरलं होतं!"

"माझं न्हाई ठरलं. मी पोराची आई हाय."

स्वयंपाकघरात परात पुन्हा आपटली, या खेपेला आनंदानं.

"फकस्त एक," शिवकांताबाई दाराकडं वळून म्हणाल्या, "वऱ्हाडाच्या सगळ्या गाड्या वेशीच्या बाहेर लावायच्या."