खाकी कागदाचं वाचनालय

लॉकडाउनच्या दिवसांत मी हातात कात्री घेतली, ती निव्वळ भीतीपोटी.

खिडकीतून ओस पडलेला रस्ता दिसला की छातीत धस्स व्हायचं. वाचनालय, बसथांबा, कोपऱ्यावरची बेकरी... हे सगळं पुन्हा उघडलंच नाही तर? (आणि उघडलं, पण तेव्हा आपणच नसलो तर? हा विचार आला की मी उठून हात धुवायचो.) म्हणून ठरवलं, आपल्या लाडक्या जागा रंगीत कागदातून कापायच्या आणि हॉलच्या भिंतीवर चिकटवायच्या. निदान घरात तरी गाव शिल्लक राहील!

मी हाडाचा कारकून. कात्रीशी संबंध पाकिटं उघडण्यापुरता. पहिला बसथांबा बघून बायकोने विचारलं, "हे टेबल कोणाचं?" पण बेकरीत मी जीव ओतला. काचेमागचा एकेक पाव वेगळा कापला. वाचनालयाच्या वेळी मात्र अडलं. त्या जुन्या भिंतींचा मातकट रंग काही मिळेना. दुकानं बंद. आणि अचानक दिसलं, बायकोच्या शिलाई मशीनमागे खिळ्याला अगदी तसलेच खाकी कागद लटकत होते. वेडेवाकडे, खडूच्या रेघा मारलेले. रद्दीच, दुसरं काय!

वाचनालय झकास झालं. मी त्याला शेवटचा डिंक लावत होतो, तेवढ्यात बायको आली.

"अहो, मशीनमागचे कागद कुठे गेले?"

"कसले कागद?" मी वाचनालयाला पाठीने झाकत उभा राहिलो.

"गाऊनचं कटिंग. धाकटीने पाठवलेल्या नमुन्यावरून काढलं होतं. नमुना परतही गेला. तिच्या वॉर्डातले गाऊन संपलेत, रेनकोट घालून पेशंटजवळ जातेय पोर. आज कापड कापायलाच हवं."

धाकटी म्हणजे माझी मेहुणी, हॉस्पिटलात नर्स. तिच्या गाऊनच्या बाह्यांचे मी खांब केले होते आणि पाठीच्या पायऱ्या!

"मी... मी ते जाळले," तोंडातून निघून गेलं. "हॉस्पिटलातल्या गाऊनला लागलेले होते ना! विषाणू बसला असला तर?"

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. (मी कोथिंबीर साबणाने धुणारा माणूस. पटण्यासारखं होतं.)

"पण तू काळजी करू नकोस. मी आकार नीट बघून ठेवलाय. जेवण होईपर्यंत नवं काढून देतो."

ती स्वयंपाकघरात गेली आणि मी दार लोटून घेतलं. आधी खांब सोलायला गेलो, तर रंगासकट अर्धी भिंत हातात आली. शेवटी वर्तमानपत्रं जोडून जमिनीवर पसरली, त्यांवर उताणा पडलो आणि स्वतःभोवती पेन्सिल फिरवू लागलो. पोट आत ओढून श्वास रोखला होता. पण पेन्सिल कंबरेपर्यंत पोचते न पोचते तोच श्वास सुटला.

बायकोने तो कागद उलटसुलट करून पाहिला. "एवढा ढगळ?"

"कपड्यांवरून घालायचा असतो ना!"

ती कागद घेऊन मशीनकडे वळली. दुपारभर मशीन घरघरत राहिलं आणि संध्याकाळी हॉस्पिटलची गाडी गठ्ठा घेऊन गेली.

त्यानंतर धाकटीचा फोन येईना. बाहेर रुग्णवाहिका वाजली की मला घाम फुटायचा. गाऊन पायात अडकून ती पडली असेल का? तो नीट झाकत नसेल? माझ्या वाचनालयापायी त्या पोरीला काही झालं, तर? घास घशाखाली उतरेना. (माझ्या! यावरून ओळखा.) शेवटी राहवलं नाही आणि मी बायकोपुढे सगळं ओकलो.

"माहितीय," ती सुई ओवत म्हणाली. "तुमच्या वाचनालयाच्या कमानीवर माझ्या अक्षरात 'गळा' लिहिलंय. आणि तुम्ही जमिनीवर लोळत होता, तेव्हा मी दाराच्या फटीतून बघत होते. हसू आवरेना, म्हणून आत गेले."

"आणि तरी तसंच शिवलंस?"

"नवं आखायला वेळ होता कुठे? गळा नि बाह्या मी सुधारून घेतल्या. पोट तेवढं राहू दिलं."

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी! जिवंत, दमलेली, हसणारी. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"भाऊजी, गाऊन फर्स्टक्लास! दोन वेढे बसतात, मागून जराही उघडं राहत नाही. रेनकोट फेकून दिला मी. फक्त आमचे डॉक्टर एक विचारत होते..."

"काय?" मी छाती फुगवली.

"हे पोट कुणाच्या मापाचं आहे? म्हणाले, त्या माणसाला आजपासूनच चालायला लावा."

सध्या मी रोज सकाळी हॉलमध्ये भिंतीवरच्या वाचनालयापासून बसथांब्यापर्यंत फेऱ्या मारतो. मधली बेकरी बायकोने काढून टाकली आहे.