निवृत्तीमामांचा गालिचा खोकतो

निवृत्तीमामा गालिच्याला कान लावून बसत. भर कचेरीत, उकिडवे, डोळे मिटून, टोपी काढून हातात धरलेली. मग दोन बोटांनी गालिच्यावर टकटक करत आणि आम्हा कारकुनांकडे वळून गंभीरपणे सांगत, "अजून खोकतोय."

मी तेव्हा धाराशिवच्या एका सरकारी कचेरीत नुकताच चिकटलो होतो. निजामाचं राज्य गेलं होतं, कागदांवरची उर्दू जाऊन मराठी आली होती, पण मोठ्या साहेबांच्या दालनातला तांबडा गालिचा आणि त्याचा फरास मात्र जागच्या जागी होते. फरास म्हणजे सतरंज्या-गालिचे अंथरणारा, झाडणारा माणूस. मामा ते काम वीस-बावीस वर्षं करत होते. त्यांच्या लेखी ही कचेरी त्या गालिच्यासाठीच बांधलेली होती. साहेब वगैरे मंडळी येऊन-जाऊन असत.

खोकला म्हणजे धूळ, आणि त्यावर मामांचा इलाज कोरडा. गालिचा कडुलिंबाच्या सावलीत पालथा टाकायचा आणि वेताच्या छडीनं झोडपायचा. प्रत्येक फटक्याआधी "माफी असावी" म्हणायचं. मग तो सुलटा करून त्यावर गव्हाचा भाजलेला कोंडा पसरायचा, तळहातानं चोळायचा आणि काथ्याच्या ब्रशानं झाडून काढायचा. कोंडा मळ पितो, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी कोंड्याच्या वासानं गल्लीतल्या शेळ्या आवारात जमत. मामा त्यांना हात जोडून सांगत, "जनाब, ह्ये औषध हाय, न्याहारी न्हाय." शेळ्यांना ते कधी पटलं नाही.

पाण्याशी मात्र मामांचं उभं वैर. गालिच्यापासून चार हातांच्या आत पाण्याचा तांब्या आणायला बंदी होती. एकदा साहेबांना शिंक येणार असं दिसलं, तर मामा रुमाल पसरून धावले. साहेबांना वाटलं, केवढी माया!

"लोकर मेंढराची असती," मामा मला समजावत. "मेंढरू कवा आंगूळ करताना बघितलं का तुमी?"

लोकर कातरायच्या आधी मेंढरं ओढ्यात धुतात, असं मी सांगितलं. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

अशात पुण्याकडून लिमये नावाचे नाझर बदलून आले. नाझराकडे कचेरीच्या सामानसुमानाचा कारभार. या लिमयांचा गरम पाण्यावर फार भरवसा. ते सकाळी गरम पाणी पीत, दुपारी त्याच्या गुळण्या करत आणि संध्याकाळी त्यात पाय बुडवून बसत. मामा गालिचा झोडपताना पाहून ते म्हणाले, "अहो, ही धूळ इथून उडते आणि तिथे बसते. गरम पाणी आणि रिठे, बस्स! दोन शिपायांचं काम आहे. फरासाची जागा हवीच कशाला?"

आणि तशी टिपणी त्यांनी खरोखरच लिहिली. औरंगाबादहून बडे साहेब तपासणीला यायचे होते, तेव्हा ती त्यांच्यापुढे ठेवली जाणार होती. मामांना हे कळलं तेव्हा ते गालिच्याची दुमडलेली कड सरळ करत होते. पगाराचं ते काही बोलले नाहीत. "म्या गेलो तर ह्याचं कोन बघंल?" एवढंच म्हणाले.

आमचे साहेब कुणालाच न दुखावणारे. त्यांनी गालिच्याच्या मधोमध सुतळी ताणली. डावा अर्धा मामांनी कोरडा करायचा, उजवा लिमयांनी गरम पाण्यानं. ज्याचा अर्धा सरस, त्याचं खरं.

आता एवढं पाणी तापवायचं कशात? कचेरीत बंब होता, पण तो साहेबांच्या चहापुरता. तेव्हा एका कारकुनाच्या मेहुण्यानं ढोकीकडच्या गुऱ्हाळातून बैलगाडीत घालून काहील आणली. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची अवाढव्य कढई. गुऱ्हाळ बंद झाल्यापासून ती तशीच पडून होती. लिमयांनी ती वरवर विसळली आणि तीन दगडांवर चढवली.

पाणी उकळलं, गालिच्यावर पडलं आणि तपकिरी होऊन वाहू लागलं. लिमये नाचायचेच बाकी होते. "बघा, बघा किती मळ! वीस वर्षांचा मळ!"

मामा लांब उभे राहून हुंगत होते. "नाझरसायेब," ते हळूच म्हणाले, "गुस्ताखी माफ. पर मळाला इतका ग्वाड वास येत नसतो."

लिमयांनी आणखी एक बादली ओतवली.

दोन दिवसांत गालिचा वाळला. डावा अर्धा होता तसाच, समजूतदार. उजवा मात्र नव्या पितळेसारखा चमकत होता. अख्खी कचेरी बघायला लोटली. साहेबांनी गरम पाण्याच्या बाजूनं निकाल दिला. गालिचा दालनात अंथरताना उजवी बाजू चिक्कीसारखी कडकड वाजली, पण जिंकलेल्या बाजूच्या आवाजाकडे कोण लक्ष देतो?

बडे साहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते. दुपारी आमचे साहेब खुर्चीतून उठले, पण त्यांचा मोजा उठेना. वाकून पाहतात तर दफ्तरखान्याच्या दारापासून मुंगळ्यांची रांग लागलेली. मुंगळे उजव्या अर्ध्यावर पसरले होते आणि सुतळी होती तिथपर्यंत येऊन थांबत होते. डाव्या बाजूला एक मुंगळा जाईल तर शपथ. काहिलीच्या कडांना चिकटलेला सगळा गूळ गालिच्यानं पिऊन टाकला होता.

लिमये भिंतीला टेकले. आम्ही सगळे मामांकडे पाहू लागलो. आता हा माणूस हसणार, बोलणार, सगळं उट्टं काढणार!

मामांनी टोपी काढली आणि गालिच्याला कान लावला. "बोलतच न्हाय काही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

"मामा, झोडपा," साहेब म्हणाले.

"गूळ झोडपून न्हाय निघत, सायेब. कोंड्यानं बी न्हाय." मामांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग एकेक शब्द दात उपटल्यासारखा काढत म्हणाले, "त्याला गरम पानीच पायजे."

ते घरी गेले आणि एक तांब्याचं तपेलं घेऊन आले. त्यात पाणी तापवलं. मग तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं कोपर बुडवून पाणी पाहिलं. फडकं बुडवायचं, घट्ट पिळायचं, लोकरीच्या कलानं पुसायचं, पाठोपाठ कोरडं फडकं. मी पिळत होतो, लिमये नाझर स्वतः पाणी वाहत होते. शेवटी मामांनी कोंडा भाजून गरमागरमच ओल्या लोकरीवर पसरला. दिवस मावळायच्या आत गालिचा मऊ झाला होता.

"मामा, हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"घरात हुती की एक गरम पान्याची," ते म्हणाले. "लग्नसराईत आमी दोघं गावातल्या सतरंज्या साफ करायचो. म्या म्हनायचो कोरडं, ती म्हनायची गरम पानी, ह्याच तपेल्यातलं. अठरा वर्सं भांडलो. ती गेली, मग म्या एकटाच खरा ठरलो."

दुसऱ्या दिवशी बडे साहेब आले, गालिच्यावरून चालले, पंख्यावरच्या जळमटाबद्दल दोन शब्द बोलले आणि गेले. गालिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. लिमयांनी आपली टिपणी माझ्यादेखत फाडली आणि तुकडे खिशात घातले, गालिच्यावर पडू दिले नाहीत.

कचेरी सुटली तसे मामा माझ्याजवळ घुटमळले. "जरा घरी येता का? तिला सांगायचंय. आन माझ्या एकट्याचं ती कवाच खरं मानायची न्हाय. साक्षीदार लागंल."

एका खोलीचं घर. एक वळकटी, एक चूल, एक थाळी. फळीवर मामांनी तपेलं ठेवलं. कोरड्या माणसाच्या घरात ते एकच भांडं चिंचेनं घासून लखलखीत केलेलं होतं. मामा टोपी काढून त्याच्यासमोर उभे राहिले.

"ऐक गं," ते म्हणाले. "गालिच्याला गरम पानी लागलं. म्याच लावलं. तू जिंकलीस. ह्ये कारकून हायेत, इचार त्यास्नी."

मी हसू दाबलं आणि तपेल्याकडे वळलो. "व्हय मामी," मी म्हणालो, "माझ्यासमोर झालं."

मामांनी डोळे मिटून तपेल्याला कान लावला. दोन बोटांनी टकटक केलं.

"काय म्हणाल्या?" मी हळूच विचारलं.

"म्हनती," मामा डोळे पुसत म्हणाले, "कोंडा लईच टाकला."