खैरनारसाहेबांचं हिरवं पाणी

आमचे खैरनारसाहेब बसमध्ये खिडकीची जागा धरायचे ती बाटलीसाठी. बाटलीत हिरवंगार पाणी. बस वळली, ऊन पलीकडे गेलं, की साहेब उठून पलीकडच्या बाईंना विनवायचे, "ताई, जरा सरकता का? हिला ऊन पाहिजे."

नव्वदच्या दशकात दिंडोरी रोडवरच्या टोमॅटो सॉसच्या कारखान्यात ते केमिस्ट होते, मी स्टोअरकीपर. टोमॅटो धुतलेलं घाण पाणी मागच्या नाल्यात जायचं आणि वासानं हैराण झालेले शेतकरी गेटवर यायचे. साहेबांनी उथळ हौद बांधून घेतला आणि त्यात डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ वाढवलं. ते पाण्यातली घाण खातं आणि पाणी पेरूच्या बागेला चालतं, एवढं मला समजलं. वास मात्र खरंच गेला. रोज सकाळी हौदावर वाकून साहेब त्यांच्या सटाण्याकडच्या बोलीत विचारायचे, "कशी शे माय? भूक लागनी का?"

कारखान्यातल्या आम्हा बाराही जणांना त्यांनी एकेक बाटली घरी दिली होती. "बियाणं आहे. उन्हात ठेवा, रोज हलवा." माझी आठवड्यात मोरीत गेली. त्यांनी चौकशी केली की मी बेधडक सांगायचो, "मजेत आहे."

मग तपासणीला अधिकारी येणार म्हणून आमच्या शंकर शिपायानं अगदी मनापासून हौद स्वच्छ केला. पोतंभर ब्लीचिंग पावडर टाकून. सकाळी शेवाळ मेलेलं, पाणी पांढुरकं, आणि शंकर शाबासकीची वाट बघत उभा. साहेब हौदाच्या कठड्यावर बसून राहिले. नाल्याला पुन्हा वास आला तर हौद बुजवणार, असं मॅनेजरनं आधीच बजावलं होतं.

"माझ्या एका बाटलीनं एवढा हौद पुन्हा धरणार नाही," ते म्हणाले. "तुमच्या आणा."

आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.

संध्याकाळी ते मला घरी घेऊन गेले. मी पहिल्यांदाच जात होतो. एक खोली, एक कप, आणि खिडकीत बारा हिरव्या बाटल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: पगारे, शिंदे, शंकर. एकीवर माझं नाव.

"तुम्ही फेकणार, माहीत होतं. म्हणून तुमच्या नावाची एकेक ठेवली. चहा घेताना नाव घेऊन हलवतो. दुसरं कोण आहे बोलायला?" माझी बाटली त्यांनी उजेडात धरली. "मध्यंतरी तुम्ही जरा पिवळे पडला होतात. आता बरे आहात."

मला फार लाज वाटली.

हौद पंधरा दिवसांत पुन्हा हिरवा झाला. मला आठवते ती त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशीची बस. हौदात ओतायला निघालेली माझी बाटली माझ्या मांडीवर होती. बस वळली, ऊन पलीकडे गेलं, तसा मी उठलो.

"ताई, जरा सरकता का?"