मामांचे तिसरे बटण

"चौतीस टक्के!" साहेब खुर्चीतून उठलेच. नदीकाठच्या झाडांत किती कार्बन साठला आहे, त्याचा अहवाल त्यांच्या हातात होता. साठा एका वर्षात चौतीस टक्क्यांनी वाढला होता.

समोर भाची उभी होती. सगळे कार्यालय तिला भाचीच म्हणे. कार्बन काढायला लागतो तो खोडांचा घेर तिच्या मामांनी तीस वर्षे मोजला, मग गुडघ्यांनी दगा दिला आणि यंदा फीत तिच्या हाती आली. अजून ती हंगामी होती. हा अहवाल मंजूर झाला की कायम होणार होती.

"साहेब, झाडं तीच दोनशे बारा आहेत. वाळुंज जास्त, बाकी किरकोळ. खाली लव्हाळाही तेवढाच. मग खोडं एकदम एवढी सुटली कशी?"

"पुराचा गाळ! खाऊन-पिऊन माजलीत."

साहेबांनी लगेच मुख्य कार्यालयात फोन लावला. सोमवारी मोठ्या मॅडम स्वतः बघायला येणार, असे ठरले. साहेबांनी 'चौतीस टक्के' लिहिलेला फलकही रंगवायला टाकला.

भाचीच्या डोक्यातून मात्र प्रश्न जाईना. संध्याकाळी तिने मामांना गाठले.

"फीत ढिली धरलीस का?" मामा म्हणाले.

"नाही हो. तुम्ही शिकवलं तसंच. तिसऱ्या बटणाच्या उंचीवर खोडाला गुंडाळायची."

मामा हळूच उभे राहिले. भाची त्यांच्यासमोर उभी राहिली. मामांचे तिसरे बटण तिच्या नाकासमोर आले.

"तू खाली मोजतेस, तिथं खोड जाडच असणार," मामा पुटपुटले.

"पण मोजणीच्या पुस्तकात उंची दिलेली असेल ना?"

"असेल. मला कशाला लागतंय पुस्तक?"

तिने पुस्तक उघडले. जमिनीपासून एकशे सदतीस सेंटिमीटर. फीत लावून पाहिली, तर मामांचे बटण एकशे चव्वेचाळीसवर होते, तिचे एकशे दहावर.

"म्हणजे तुमचंही चुकलंय!"

"माझं थोडं चुकलंय," मामा म्हणाले, "तुझं बरंच."

सोमवारी नदीकाठी साहेब फलकाशेजारी उभे होते. भाचीने मॅडमना सगळे सांगून टाकले. साहेबांनी हळूच फलक उलटा केला.

"तुमचे मामा तीस वर्षं एकाच उंचीवर मोजत होते?" मॅडमनी विचारले.

"हो. बटणाच्या."

"मग बिघडलं काय? चूक दर वर्षी सारखी असेल, तर सगळे आकडे एका फटक्यात दुरुस्त होतील. बोलवा त्यांना."

मामा आले, पाठोपाठ मामी. मॅडमनी स्वतः टेप लावला. "श्वास रोखू नका, मामा. बटण वर जातंय." मामा पहिल्यांदाच चारचौघांत मोजले जात होते, त्यामुळे ताठ उभे होते.

"एकशे चव्वेचाळीस," मॅडमनी लिहून घेतले. "तीस वर्षांना हेच धरू."

"तीस नाही हं," मामी म्हणाली. "यांचं पोट सुटल्यापासून शर्टाच्या फटी दिसायला लागल्या, म्हणून मी एक बटण जास्त लावते. सगळी बटणं जवळ-जवळ आली, तिसरं वर सरकलं."

"कधीपासून?"

"आठ वर्षं झाली असतील. की नऊ? जुने शर्ट बघावे लागतील."

मामांनी पोट आत ओढले.

मॅडमनी वही मिटली आणि त्या साहेबांकडे वळल्या. "या मुलीची कायमची ऑर्डर आजच काढा. हे निस्तरायला हंगामी माणूस पुरणार नाही."