पळत्या नावांचा प्रश्न

कामरगावच्या भाजीपाला गटाची वेबसाइट नव्या एचटीएमएलवर न्यायची की नाही, यासाठी वैजयंतीच्या ओसरीत तिसरी बैठक भरली होती. जुनी साइट मोबाइलवर उघडली की अक्षरं तिळाएवढी दिसत. नागपूरची गिऱ्हाइकं ती बघत, डोळे चोळत आणि दुसरीकडून वांगी घेत. वैजयंतीची वांगी झाडावरच पिवळी पडत.

"बदला," साइट सांभाळणारी प्रियदर्शनी म्हणाली. "फक्त पळती पट्टी जाईल. नव्या मानकात ती बाद आहे. नावं एकाखाली एक उभी राहतील."

त्या पट्टीत सगळ्या सभासदांची नावं गोल पळत. पहिलं नाव कोणाचं, यावरून अध्यक्ष जानराव आणि रामकिसन यांच्यात वर्षभर अबोला होता. नावं पळायला लागली आणि तो मिटला, कारण गोल पळणाऱ्यांत पहिला कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

"उभी राह्यली तं वर कोनाचं?" जानरावांनी विचारलं. "वयानं मोठा मी."

"वय काय पाह्यता? गटाची पयली मेथी माह्या वावरातली गेली!"

"मेथी तुही, पन टेम्पो कोनाचा होता?"

प्रियदर्शनीनं मुळाक्षरांचा क्रम सुचवला. रामकिसनला 'ज' हे अक्षर पक्षपाती वाटलं. मग दर सोमवारी वरचं नाव बदलायचं ठरलं, तर पहिला सोमवार कोणाचा, इथे गाडी अडली.

चौथी बैठक वैजयंतीला समोर दिसू लागली. तिनं भोळेपणानं विचारलं, "पोरी, वरच्या नावाले काम काय असते?"

"नावावर बोट ठेवलं की त्याला फोन लागतो, काकू. लोक वरचंच नाव दाबतात. भाव विचारायला, किडकं निघालं तर भांडायला."

जानरावांनी टोपी सारखी केली. "रामकिसन, मेथी तुहीच पयली होती गड्या. खोटं कायले बोलू?"

"छे! वयाचा मान असते, भाऊ. तुमीच बसा वर."

"मले ऐकू कमी येते."

"कवापासून?"

"आताच जानवून राह्यलं."

वैजयंतीचं नाव एकमतानं वर गेलं.

साइट बदलल्यावर चार दिवसांनी दोघं तिच्या ओसरीत चहा पीत असताना फोन आला. नागपूरच्या एका खानावळीला रोज वांगी हवी होती, मेथीही.

"बाई, नाव सर्वात वर आहे म्हणून विचारतो. अध्यक्ष तुम्हीच ना?"

वैजयंतीनं दोघांकडे पाहिलं. "हो, मीच."

जानरावांनी तोंड उघडलं. त्यातून शब्द निघायच्या आत रामकिसननं त्यांच्या हातात रिकामं क्रेट ठेवलं.

"चला भाऊ, वांगी तोडाले. अध्यक्षबाईचा माल जायचा हाये."