पूर्ण घेर

लेकीचा, कुंदाचा स्कर्ट आपण स्वतःच बेतायचा, असं विद्याधर कर्णिकांनी एका रविवारी सकाळी चहा पिताना ठरवलं. मुलुंडच्या त्या चाळीत ते कुणाला वेळेवर कळलं नाही. (कळलं असतं तर कुणीतरी घरातली कात्री लपवली असती.)

सोमवारी शाळेच्या संमेलनात कुंदाचा नाच होता. बाईंनी बजावलं होतं, जिच्याकडे पूर्ण घेराचा स्कर्ट नसेल तिनं प्रेक्षकांत बसायचं. तिच्या आईनं, मृणालिनीबाईंनी, त्यासाठी आपलं भाऊबिजेचं जांभळं पातळ काढून दिलं, पण ते शिंप्याकडे जाईल या भरवशावर.

"शिंपी कशाला? मी ड्राफ्ट्समन आहे! पूर्ण घेर म्हणजे शुद्ध वर्तुळ," विद्याधर म्हणाले. "अगं, लढाईत विलायतेत कापडाला रेशन होतं. बायका बिचाऱ्या अरुंद स्कर्टात पावलं मोजत चालायच्या. लढाई संपली आणि घेर सुटला! गिरकी घेतली की छत्रीसारखा उघडतो. सगळी गंमत त्यातच!"

"अहो, पण पातळ माझं आहे."

"कंबर बावीस. भागिले बावीस सप्तमांश. उत्तर सात. बघ, देवानंच जुळवून आणलंय!"

पातळाचे दोन तुकडे जोडून त्यांनी चौपदरी घडी घातली, कोपऱ्यापासून सात इंचांवर कमान मारली आणि कात्री चालवली. आता सात हा व्यास; कोपऱ्यापासून मापायचे ते साडेतीन. ऑफिसात दुसऱ्यांच्या नकाशांवर लाल पेन्सिल फिरवणाऱ्या या गृहस्थांना ते कळलं तेव्हा स्कर्ट कुंदाच्या कमरेवरून थेट घोट्याशी येऊन बसला होता.

"मी आता प्रेक्षकांत!" म्हणून कुंदानं भोकाड पसरलं आणि डोळे पुसत ती तालमीला गेली. मृणालिनीबाईंनी कात्री उचलून कपाटात कुलूपबंद केली. विद्याधरांना त्याचीच जास्त भीती वाटली.

शेवटी खालच्या सहदेव शिंप्याला बोलावणं गेलं. त्याला दुपारची गावची बोट गाठायची होती.

"अरे देवा! ह्या कमरेत तीन चेडवां मावतीत!" तो म्हणाला. "वहिनीनू, कमरेक चुण्या घाला, घेर आणखी फुलात. पण खालची कड वरखाली झाली हा. ती अंगावर घालूनच आखूक व्हयी. चेडू खंय?"

"तालमीला. संध्याकाळी येईल."

"माझी बोट काय संध्याकाळपर्यंत थांबाची नाय." सहदेवनं टेप घेऊन खोलीभर नजर फिरवली. मृणालिनीबाईंची कंबर अठ्ठावीस. स्कर्टची चव्वेचाळीस. खोलीत चव्वेचाळीसचा मालक एकच होता.

पाचच मिनिटांत विद्याधर कर्णिक बनियन आणि जांभळ्या स्कर्टात स्टुलावर उभे होते. सहदेव खडू घेऊन भोवती फिरत होता. "हलू नकात, भाऊनू! पोट आत घेव नकात, स्कर्ट पडात!" दार लावायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. गॅलरीतून जाता जाता शेजारच्या पद्मजाबाई थांबल्या, मग त्यांच्या जाऊबाई थांबल्या, मग कुणी जाईचना.

सोमवारी कुंदानं गिरकी घेतली आणि चुण्यांचा तो दुप्पट घेर असा काही उघडला, की अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. मृणालिनीबाई दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. विद्याधरांचा ऊर भरून आला. ते मागे वळून मोठ्यानं म्हणाले, "बेत माझा आहे बरं का!"

मागच्या रांगेत पद्मजाबाई होत्या. "छानच दिसतोय हो कुंदाला," त्या मनापासून म्हणाल्या. "पण खरं सांगू, भावोजी? तुम्हाला जास्त शोभत होता."