लॅटिन उंदीर आणि गेलेला शिंपला

"जगात गुप्तहेर पुष्कळ झाले," सासरे आरशासमोर मफलर गुंडाळत म्हणाले, "पण गुन्ह्याचं मूळ शब्दाच्या मुळात शोधणारा मी एकटाच. कान सशाचे, नाक कुत्र्याचं, आणि स्मरणशक्ती... स्मरणशक्ती कशाची म्हणत होतो मी?"

"हत्तीची, बाबा," जावई म्हणाला. त्याला हे भाषण पाठ होतं.

सासरे छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्तीच्या दिवशी त्यातलं 'मुद्रित' छापखान्यातच राहिलं आणि नुसता 'शोधक' घरी आला. आल्या आल्या त्यांनी इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा जाडजूड कोश विकत घेतला आणि गल्लीत गुप्तहेरगिरी सुरू केली. गल्लीने त्यांचं नाव मूळपुरुष ठेवलं. सहायकाची जागा जावयाच्या गळ्यात पडली. सासऱ्यांच्या घरात राहणाऱ्या जावयाला नाही म्हणायची सोय नसते.

आजची केस मात्र घरातलीच होती, आणि जावयाच्या जिवाशी आलेली होती. बायकोला शाळेत कायम करायचं की नाही, हे आज समितीसमोरच्या एका तासावर ठरणार होतं. विषय होता सारख्या उच्चारांचे इंग्रजी शब्द. एका मुलाला दंडाची बेडकुळी काढायला लावायची, दुसऱ्याच्या हातात काळा शिंपला द्यायचा, असं तिने ठरवलं होतं. दंडातला स्नायू तो मसल, शिंपल्यातला जीव तोही मसल. स्पेलिंग वेगळं, पण दोघांचं मूळ लॅटिनमधल्या 'छोटा उंदीर' या एकाच शब्दात. आपल्याला दंडात बेडूक दिसला, रोमन माणसाला उंदीर दिसला, एवढाच काय तो फरक. ती कायम झाली की दोघं वेगळ्या दोन खोल्या घेणार होते. सासऱ्यांना हे अजून सांगितलेलं नव्हतं. त्या दोन खोल्या जावयाच्या स्वप्नात रोज येत, आणि त्यांत एकही गुप्तहेर नसे.

ती आंघोळीला गेली. तिची पिशवी भरायचं काम जावयाकडे होतं. टेबलावर हात घातला तर शिंपला गायब! समुद्र इथून इतका लांब, की दुसरा मिळायची आशाच नको. जावयाला घाम फुटला आणि त्याच्या तोंडून नको ते निघून गेलं, "बाबा, शिंपला गेला!"

सासऱ्यांचा चेहरा उजळला.

"काय हरवलंय?" सासूबाईंनी मागच्या मोरीतून विचारलं. त्या काहीतरी खरवडत होत्या.

"तपास चालू असताना साक्षीदाराला काही सांगायचं नसतं!" सासरे ओरडले. मग जावयाच्या कानाशी लागले. "मसल म्हणजे उंदीर. आपल्या नावाची वस्तू उंदरानेच नेली असणार. वाक!"

जावई कपाटाखाली आडवा झाला. तिथे सासऱ्यांचा हरवलेला मोजा मिळाला, पण उंदीर नव्हता.

"मग क्लू शोधायला हवा. क्लू म्हणजे मुळात दोऱ्याचा गुंडा. दोरा धरून भुलभुलैयातून बाहेर पडायचं. दोरा कुणाकडे असतो?"

खालच्या मजल्यावरचा शिंपी मशीनवरून वर बघत म्हणाला, "या, काका."

"तुमच्याकडे अमुक एक वस्तू आहे का?"

"कोणती?"

"ते सांगता येणार नाही."

"मग नाही."

"बघितलंस?" सासरे जावयाला म्हणाले. "न बघता नाही म्हणाला!"

"काका, तुमची पँट मात्र केव्हाची शिवून पडलीय, ती न्या."

"लाच," सासरे जिन्यात कुजबुजले. पँट मात्र त्यांनी काखेत मारली होती.

घरी येताच त्यांनी कोश उघडला. डिटेक्ट म्हणजे मुळात वरचं आच्छादन काढणे, असं त्यात निघालं. झालं! तांदूळ, डाळ, साखर, सगळ्या डब्यांची झाकणं निघाली. तिखटाच्या डब्याने मात्र सूड उगवला. शिंकून शिंकून लाल झालेले सासरे म्हणाले, "चोर लॅटिन असेल तर उंदीर. पण देशी असेल तर? बेडूक! जा, कुंड्या बघ."

जावई कुंड्या बघत होता. दोन खोल्या डोळ्यांसमोरून चालल्या होत्या आणि आपण बेडूक शोधतोय, या विचाराने त्याला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात बायको केस पुसत बाहेर आली. "आई, टेबलावरचा माझा शिंपला पाहिलास का?"

"हा घे. दूध करपलं होतं, पातेलं खरवडायला घेतला. ह्यांना दुधाकडे बघा म्हटलं, तर हे 'मिल्क'चं मूळ काढत बसले."

"अहो, मग सांगायचं नाही का?" जावई कळवळला.

"मला विचारलं कुणी?"

"माझा पहिल्यापासून घरातल्याच माणसावर संशय होता," सासरे शांतपणे म्हणाले.

"बाबा, तुमचा बेडकावर होता."

संध्याकाळी ती उड्या मारतच आली. समितीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी स्वतः बाही वर सारून बेडकुळी काढून दाखवली म्हणे. नोकरी कायम झाली होती. आनंदाच्या भरात तिने दोन खोल्यांचंही सांगून टाकलं.

सासूबाई हसल्या, त्यांना केव्हाच कळलेलं असावं. सासऱ्यांनी कोश मिटला आणि बाजूला ठेवला. ना कशाचं मूळ काढलं, ना पुराव्याचं नाव घेतलं.

"म्हणजे तुम्ही जाणार?" त्यांनी विचारलं.

इतका सरळ प्रश्न त्यांनी कधीच कुणाला विचारला नव्हता. जावयाने याच दिवसासाठी देव पाण्यात घातले होते. आता मात्र त्याला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचा रागही येत होता.

"जवळच आहे हो, बाबा. रोज संध्याकाळी येत जाईन. केस असली तर सकाळीसुद्धा."

काय बोलून बसलो ते त्याला बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने कपाळाला हात लावला होता.

"सकाळीच येत जा," सासरे खिडकीकडे बघत म्हणाले. "संध्याकाळी मला हल्ली नीट दिसत नाही."